चिनामी येईपर्यंत

१९ मे, शुक्रवार. सकाळी १०.३०

आज सुझु घरी आली. वय सात दिवस, वजन तीन किलोला थोडं कमी. हॉस्पिटलपासून घरापर्यंत ताशी तीसच्या वर गेलो नाही. मागे गाड्यांची भली मोठी रांग. मात्सुएच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये अकरा वर्षं शिकवतोय, पण इतकी सफाईदार गाडी माझ्याही हातून कधी चालली नव्हती. चिनामीला विचारलं, कशी वाटली? ती म्हणाली, टाके दुखतायत.

पाच आठवड्यांची रजा घेतली आहे. आमच्या स्कूलमध्ये बापानं घेतलेली पहिलीच. टाइमटेबल प्लास्टिकमध्ये मढवून फ्रिजवर लावलं. निळी कामं माझी, गुलाबी चिनामीची. निळे चौकोन सात. गुलाबी मोजायला वेळ झाला नाही.

रीतीप्रमाणे चिनामी बाळंतपणाला माहेरी, हामादाला जायची होती. सासूबाईंचे दोन फोन आले, महिनाभर तरी पाठवा म्हणून. मी म्हटलं, कशाला उगाच? मी आहे ना! सासरे पक्षाघातानं अंथरुणाला खिळलेले, त्यात बाळंतीण कुठे सांभाळणार त्या? फोन ठेवल्यावर चिनामी बराच वेळ खिडकीबाहेर बघत होती. निर्धास्त झाली असावी.

२५ मे, गुरुवार

आंघोळ हे माझं खातं. पाणी साडेएकोणचाळीस अंश, मिनिटं सात. बाळ धरायचं ते स्टिअरिंगसारखं. फार घट्ट नाही, फार सैल नाही. सुझु सातही मिनिटं रडली. चिनामीनं फक्त पाणी काढणं, टॉवेल पसरणं, कपडे मांडणं, नंतर अंग पुसणं, दूध पाजणं, टब घासणं आणि फरशी कोरडी करणं एवढंच केलं. आंघोळ मी एकट्यानं घालू शकतो हे सिद्ध झालं.

फोटो काढला. स्कूलमधल्या सगळ्यांना पाठवला. चौदा जणांनी कौतुक केलं.

८ जून, गुरुवार. दुपार

नगरपालिकेची नर्स घरी येऊन गेली. बाळ उत्तम. मग तिनं चिनामीला एक कागद दिला. आईसाठी दहा प्रश्न, उत्तराला शून्य ते तीन आकडे. चिनामीनं पेन हातात घेतलं आणि मला विचारलं, इथे काय लिहू? प्रश्न होता, कारण नसताना रडू येतं का? मी म्हटलं, तू कुठे रडतेस! (बाथरूममध्ये नळ सोडून बसते कधी कधी. पण तो नळच खराब आहे. वायसर बदलायला हवा.) लिही शून्य. पुढच्यालाही शून्य. दहाही शून्य. पेपर पाच मिनिटांत संपला.

नर्सबाईंनी कागद दोनदा वाचला. चिनामीला म्हणाल्या, झोप होते का हो तुमची? मी त्यांना दुधाचा तक्ता दाखवला, तीन रंगांतला. जाताना बूट घालता घालता त्या म्हणाल्या, बाळाचे बाबा, उत्तरं तुम्ही छान देता.

चांगली बाई. असं मनमोकळं कौतुक हल्ली कुणी करत नाही.

१२ जून, सोमवार

मॅनेजरसाहेबांचा फोन. दोन इन्स्ट्रक्टर आजारी, रजा आठवडाभर आधी संपवता येईल का? माझ्यावाचून तिथे अडतं हे खरं. चिनामीला विचारलं. ती म्हणाली, जा. एकच शब्द, पण मनापासूनचा.

टाइमटेबलमधले निळे चौकोन तात्पुरते गुलाबी केले. रविवारची आंघोळ मात्र माझीच.

५ जुलै, बुधवार

पाऊस थांबत नाही. घरभर कपडे वाळत टाकलेले. संध्याकाळी आलो तर चिनामी ओले केस घेऊन जिन्याच्या पायरीवर बसलेली, सुझु आत रडत होती. म्हणाली, दुपारी बाबागाडी घेऊन पुलावर गेले होते. पाण्यात बदकं होती. विचारलं, किती वेळ होतीस? म्हणाली, माहीत नाही.

मी म्हटलं, छान! बाळाला मोकळी हवा चांगली. पण बाबागाडीवर पावसाचं कव्हर घालत जा. कव्हर कसं लावायचं ते दाखवलं. ती बघत होती माझ्याकडे. शिकायची तयारी आहे तिची.

१९ ऑगस्ट, शनिवार. रात्री ८

शंभरावा दिवस. उष्टावण. अख्खा लाल मासा भाजून आणला, लाल भात, सूप, दात बळकट व्हावेत म्हणून बाळाच्या ओठाला लावायचा खडा, तोसुद्धा देवळातून. ताटं मी मांडली. सासूबाई सकाळच्या गाडीनं आल्या. सगळं मिनिटामिनिटाला ठरलेलं होतं.

अकराला घास भरवायचा. चिनामी बाथरूममधून बाहेर येईना. अकरा दहा. अकरा वीस. मासा गार होत होता. मी दारावर टकटक करून म्हटलं, चिनामी, उजेड जातोय, फोटो यायचे नाहीत. सासूबाईंनी मला बाजूला केलं. मला वाटतं, हातानं ढकललंच. नाण्यानं बाहेरून कुलपाची खाच फिरवली आणि आत गेल्या. मग सासूबाईंचा आवाज आला, चल घरी. चल गं, चल माझ्याबरोबर.

घास मी भरवला. फोटोत मी, सुझु आणि मासा.

२० ऑगस्ट, रविवार

सासूबाई चिनामीला हामादाला घेऊन गेल्या. इथल्या डॉक्टरांनी काल चिठ्ठी दिली, तिथल्या डॉक्टरांना दाखवायचं आहे. गाढ झोप हवी, बाळाशिवाय. पक्षाघाताचा माणूस घरात असताना सासूबाईंना बाळ झेपणार नाही, हे मी आधीच म्हटलं होतं. शिवाय चिनामीच म्हणाली, सुझु नको. सुझुला इथेच राहू दे.

म्हणजे माझ्यावर तिचा पूर्ण विश्वास आहे.

दहा दिवस. फार तर चौदा. साहेबांना फोन केला, पुन्हा रजा. ते म्हणाले, पुन्हा? मी म्हटलं, फार तर चौदा दिवस.

३ सप्टेंबर, रविवार

चौदा झाले. सासूबाई म्हणतात, आणखी थोडे. थोडे म्हणजे महिनाअखेर, असं मी धरतो.

एक गोष्ट लक्षात आली. हल्ली घर फार लवकर खराब होतं. सकाळी टब घासला, संध्याकाळी पुन्हा बुळबुळीत. बाटल्या उकळून ठेवल्या तर दुपारपर्यंत सगळ्या पुन्हा घाण. पूर्वी असं होत नव्हतं. हवेत काही तरी बदल असावा.

आंघोळीला पन्नास मिनिटं लागतात. सातच मिनिटं आंघोळ, बाकीची कसली ते कळत नाही.

शेजारच्या हारा आजी भिंतीपलीकडून आल्या. वय शहात्तर, पूर्वी पोस्टात होत्या. दारातच म्हणाल्या, काय मास्तर, पोरगी तासभर रडतेय, तुम्हाला ऐकू येत नाही का? मी म्हटलं, टाइमटेबलप्रमाणे ती आत्ता झोपलेली आहे. आजी म्हणाल्या, ते तिला सांगितलंत का? आणि सुझुला उचलून खांद्यावर टाकून पाठीवर दोन थापा दिल्या. मोठी ढेकर आली. लगेच झोपली.

टाइमटेबलप्रमाणेच.

२२ सप्टेंबर, शुक्रवार

आज चिनामी फोनवर आली. पाच आठवड्यांनी. ती ऐकत होती, मी बोलत होतो. सुझु पालथी पडायला लागली, मान धरते, वजन सहा किलो चारशे. मग फोन सुझुच्या तोंडाशी धरला. सुझुनं श्वास घेतला, आणि बाळं करतात तसा एक विचित्र आवाज केला. तिकडे चिनामी हसली. की लाइन खरखरली. हसली असं धरतो.

शेवटी विचारलं, कधी येतेस? ती म्हणाली, ती मला शोधते का? मी म्हटलं, सारखी! दिवसभर!

फोन ठेवल्यावर पाहिलं, सुझु स्वतःच्या पायाचा अंगठा शोधत होती.

१६ ऑक्टोबर, सोमवार

पेज सुरू केली. दहा भाग पाणी, एक भाग तांदूळ. पहिला चमचा शर्टावर, दुसरा कानात, तिसरा गिळला. मोठा दिवस.

पण मी एक धोरण ठरवलंय. पहिल्या गोष्टी चिनामीनं पाहायच्या. म्हणून ती येईपर्यंत पहिल्या गोष्टी अधिकृतपणे झालेल्याच नाहीत. पालथं पडणं झालेलं नाही. पेज झालेली नाही. आज सकाळी ती मांडीवरून सरकत गेली आणि पोटावर रांगल्यासारखं केलं, तेही नाही. चिनामी आली की सगळं एका दमात पहिल्यांदा होईल, आणि मी थक्क होईन. आरशासमोर थक्क होऊन पाहिलं. जमतं.

नगरपालिकेच्या आई-बाळ वहीत सहाव्या महिन्याच्या पानावर एक प्रश्न आहे, आईसाठी. मूल वाढवताना तुम्हाला अवघड वाटतं का? होय, नाही, सांगता येत नाही. मी चिनामीतर्फे नाहीवर खूण केली. मग ती खोडली. पान जरा मळलं.

९ नोव्हेंबर, गुरुवार

पाळणाघराचा अर्ज, एप्रिलपासूनसाठी. खिडकीवरची मुलगी नम्र. तिनं विचारलं, घरात बाळाला सांभाळणारं दुसरं कोणी? मी म्हटलं, बायको. ती म्हणाली, मग त्या घरी असतात? मी म्हटलं, सध्या गावाला गेलीय. ती हळू आवाजात म्हणाली, एकल पालक या रकान्यावर खूण केली तर नंबर लवकर लागतो, आणि आजारपण असेल तर डॉक्टरांचा दाखला जोडा. मी म्हटलं, आजारपण काही नाही, विश्रांती आहे. एप्रिलपर्यंत ती येणारच.

ती माझ्याकडे बघत राहिली. मागे मोठी रांग होती, तरीही.

२६ नोव्हेंबर, रविवार. संध्याकाळ

सुझुला एकोणचाळीस अंश ताप. पहिला ताप. (हा अधिकृत धरावा लागला, दवाखान्यात नोंद झाली.) रविवारच्या दवाखान्यात दोन तास बसलो. काऊंटरवर विचारलं, आई कुठे? सांगितलं, येतेच आहे, वाटेत आहे. पुन्हा अर्ध्या तासानं विचारलं, आई आली का? म्हटलं, ट्रॅफिक असेल.

डॉक्टरांनी तोंड उघडून पाहिलं आणि म्हणाले, वा, दोन दात! खाली दोन पांढरे ठिपके. मी म्हटलं, नाही, दात अजून आले नाहीत. डॉक्टर म्हणाले, हे काय मग? मी म्हटलं, तुम्ही पाहिले नाहीत असं करता येईल का? ते चिठ्ठी लिहायला लागले. औषध पाच दिवसांचं.

परत येताना ट्रॅफिक अजिबात नव्हतं. सिग्नलला थांबलो आणि शिकवताना इन्स्ट्रक्टरच्या बाजूला असतो तसा जादा ब्रेक डाव्या पायाशी शोधायला लागलो. माझ्या गाडीत तो नाही.

१७ डिसेंबर, रविवार. परतीच्या गाडीत

हामादाला जाऊन आलो. सासूबाईंनी स्वतः बोलावलं, चिनामी भेटायला तयार आहे म्हणून. चार महिन्यांनी. सुझुला लाल स्वेटर.

पुढच्या खोलीत सासऱ्यांचा पलंग. दाराबाहेर मासे सुकत टाकलेले. चिनामी सासूबाईंचा जुना स्वेटर घालून आली, टेबलाच्या पलीकडच्या टोकाला बसली. केस कापलेत. बारीक झालीय, पण चेहऱ्यावर रंग आहे. मी सुझुला खाली ठेवलं आणि म्हटलं, बघ बघ, आज कदाचित रांगेल! सुझु टेबलाला वळसा घालून सरळ तिच्यापर्यंत रांगत गेली. मी थक्क झालो. म्हटलं, पहिल्यांदा! तुझ्यासमोर, पहिल्यांदा!

चिनामी म्हणाली, तिच्या गुडघ्यांना घट्टे पडलेत.

सुझुनं तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. चिनामीनं दोन्ही हात स्वतःच्या मांड्यांखाली दाबून धरले आणि त्यांच्यावर बसली. सुझु तिच्याकडे बघत होती. ती सुझुकडे. मी म्हटलं, घे की, चावत नाही. दात आलेत, पण चावत नाही. मग जीभ चावली.

चिनामी म्हणाली, जुलैत मी पुलावर गेले होते ना. बदकं बघत नव्हते मी. बाबागाडी पाण्यात सोडावी की आपण जावं, का दोघींनी, याचा विचार करत होते. मग एक सायकलवाला आला, जरा बाजूला व्हा म्हणाला, म्हणून बाजूला झाले. एवढंच झालं. तो आला नसता तर मला माहीत नाही.

मी म्हटलं, इथे वारा फार आहे, नीट ऐकू आलं नाही.

खिडक्या बंद होत्या.

ती म्हणाली, त्या नर्सच्या कागदावर काय लिहू म्हणून मी तुला विचारलं होतं. मी म्हटलं, मग काय लिहायचं होतं तुला? ती म्हणाली, तीन. सगळीकडे तीन. तू शून्य म्हणालास, म्हणून मला वाटलं की माझंच चुकतंय.

सासूबाईंनी चहा आणला. कुणी प्यायलं नाही. निघताना चिनामी दारापर्यंत आली. सुझुच्या पायातला मोजा पडला होता, तो तिनं उचलून माझ्या हातात दिला. बोटं गार होती.

एकंदरीत भेट चांगली झाली. बरीच बोलली आज. वसंतात येईल.

सुझु झोपलीय. गाडी बोगद्यातून चाललीय, काचेत मी दिसतो. बघवत नाही म्हणून लिहितोय.

६ फेब्रुवारी, मंगळवार

पाळणाघराचं पत्र आलं. नंबर लागला नाही. चूक त्यांची.

स्कूलमध्ये आता कॉलेज संपत आलेल्या मुलांची गर्दी. साहेबांनी बोलावलं, म्हणाले, कादोवाकी, तुझं येणं-जाणं बेभरवशाचं झालंय, गाडीवर नाही ठेवता येणार. सकाळचे चार तास ऑफिसात बस, फोन घे. म्हणजे बढतीच एका अर्थी, बसून काम.

त्या चार तासांत सुझु हारा आजींकडे. मी म्हटलं, बायको येईपर्यंतच फक्त. आजी म्हणाल्या, येऊ दे हो, कधीही येऊ दे, दार उघडंच आहे. पण तोवर पोरीची नखं कापा, मास्तर. गालावर ओरखडे बघा तिच्या.

नखं चिनामी कापत असे, बाळ झोपेत असताना, छोट्या कात्रीनं. मला हे माहीतच नव्हतं. नखं आपोआप बरी राहतात असं वाटायचं.

कापली. दहाही बोटं. माझ्या हाताला घाम.

३ मार्च, रविवार

मुलींचा सण, घरात बाहुल्यांचा दरबार मांडायचा. आजींनी त्यांच्या लेकीच्या बाहुल्या काढून मांडल्या. राजा आणि राणी, बाकी दरबार नाही, उंदरांनी खाल्ला.

हामादाहून पार्सल आलं. सुकवलेले मासे, सुझुसाठी एक टोपी आणि चालायला लागल्यावर घालायचे बूट, निळे, मऊ चामड्याचे. चिठ्ठी नाही. बूट पायात जाईनात. साडेअकरा सेंटिमीटरचे आहेत, सुझुचे पाय तेरा. मी पुन्हा पुन्हा घालून पाहिले. सुझु ओरडली. आजी म्हणाल्या, अहो, दुसऱ्याच कुठल्या बाळाचे आहेत हे.

नाही. हिवाळ्यात सुझुचे पाय जरा सुजतात. उन्हाळ्यात बसतील.

बूट कपाटावर ठेवले. वर, तिचा हात पोचणार नाही अशा ठिकाणी.

२१ मार्च, गुरुवार

सासूबाईंचा फोन. चिनामी आता सकाळी कामाला जाते, मासे सुकवणाऱ्यांकडे. गोळ्या कमी झाल्यात. रात्रभर झोपते. परवा गल्लीतल्या बायकांबरोबर गरम पाण्याच्या झऱ्यावर गेली होती, घरी आल्यावर मोठ्यानं हसली, मी भिंतीपलीकडून ऐकलं, म्हणाल्या.

मी म्हटलं, मग झालं की! बरी झाली. आता पाठवा.

सासूबाई म्हणाल्या, जावईबापू, ती बरी झालीय ती इथे झालीय. तिला मोकळं करा. तिला स्वतःला सांगवत नाही, म्हणून मला सांगायला लावलं. कागद पाठवतेय. सुझु तुमच्याकडेच राहू दे, असं तिनंच सांगितलंय. रडत नव्हती सांगताना. मीच रडत होते.

मी म्हटलं, बाहेर वारा आहे, नीट ऐकू येत नाही. त्या म्हणाल्या, मी पुन्हा सांगते. आणि पुन्हा सांगितलं, सगळं, पहिल्यापासून, सावकाश.

१४ एप्रिल, रविवार

घटस्फोटाचा कागद टपालानं आला होता. सुझुनं चघळला. मी थांबवू शकलो असतो, पण मूल काही शिकत असताना अडवू नये असं पुस्तकात आहे. तिनं उजवा कोपरा पूर्ण खाल्ला. चिनामीला मेसेज केला, कागद खराब झाला, आता राहू दे.

उत्तर आलं. बारा मेला मी येते. वाढदिवसाला. चालेल?

चालेल का विचारते!

११ मे, शनिवार. दुपार

तयारी पूर्ण. पडदे धुतले. टाइमटेबल काढून टाकलं, ते जुनं झालं होतं. दोन टूथब्रश ग्लासात ठेवले, दुसरा नवा, पिवळा. पावणेदोन किलोचा तांदळाचा गोळा ऑर्डर केला, सुझुच्या पाठीवर बांधायचा. वर्षाचं बाळ तो घेऊन दोन पावलं टाकतं, नाही तर धपकन बसतं, काहीही केलं तरी टाळ्याच वाजवतात.

योगायोग असा की उद्या मदर्स डेसुद्धा आहे. लाल कार्नेशन आणलं. एकच. पाच आणली तर दडपण येईल.

प्लॅन: अकराला स्वागत. साडेअकराला गोळा. बाराला जेवण, शिंपल्यांचं सूप तिला आवडतं. एक वाजता सुझु झोपेल. मग आम्ही दोघं बोलू. दीडपर्यंत सगळं सुरळीत व्हावं.

हारा आजींना प्लॅन ऐकवला. त्या म्हणाल्या, मास्तर, जेवण जास्त करा. काहीही झालं तरी भूक लागते माणसाला.

१२ मे, रविवार. संध्याकाळी ६

ती दहा चाळीसला आली. वीस मिनिटं आधी. मी सूप ढवळत होतो, दार सुझुनं उघडलं म्हणायचं, म्हणजे दाराला धरून उभी होती. चिनामी उंबऱ्याशी खाली बसली आणि म्हणाली, ओळखतेस का मला? सुझु रांगत परत आली आणि माझ्या पँटच्या मागे गेली. मी म्हटलं, झोपेला आलीय म्हणून. चिनामी म्हणाली, नाही रे, बरोबर करतेय ती.

फ्रिजवर चिनामीचा एक फोटो आहे, लग्नाआधीचा, तळ्याकाठचा. रोज सकाळी सुझुला उचलून तिथे नेतो आणि विचारतो, आई कुठे? मग ती बोट दाखवते. आज मला वाटलं, हीच वेळ आहे. मी चिनामीला समोर उभं केलं आणि सुझुला विचारलं, आई कुठे? सुझुनं चिनामीकडे पाहिलं. मग तिच्या बाजूनं वाकून, तिला वगळून, फ्रिजकडे बोट केलं. आणि आनंदानं टाळ्या वाजवल्या, कारण बरोबर उत्तराला मी रोज टाळ्या वाजवतो.

चिनामीनं टाळ्या वाजवल्या. मग मीही वाजवल्या.

हारा आजी आल्या, गोळा बांधला. सुझु धपकन बसली, रडली नाही, मागे काय आहे ते बघायला गोल गोल फिरली. आजी हसून हसून भिंतीला टेकल्या. चिनामीही हसली. फोनवर ऐकलं होतं ते हसणं नव्हतं. ते लाइन खरखरल्याचंच असावं.

जेवलो. चिनामीनं दोनदा सूप घेतलं. फूल दिलं. तिनं घेतलं आणि आजींना दिलं, म्हणाली, हे तुमचं आहे. आजींनी नाही म्हटलं नाही.

एक वाजता सुझु झोपली. तेवढंच प्लॅनप्रमाणे झालं. चिनामीनं पिशवीतून कागद काढला. मी म्हटलं, आधी माझं ऐक. चार मुद्दे तयार होते. पहिला मुद्दा होता की मी आता नखं कापतो. तो सांगितला आणि पुढचे तीन आठवेनात. ती म्हणाली, पाहिली मी तिची नखं. छान कापलीत. मग म्हणाली, मी वाईट आई आहे म्हणून जात नाहीये. मला वर्षभर तसं वाटायचं. आता मी तिच्याजवळ बसू शकते, तासभर, हात न थरथरता. तासभर. त्यापुढे मला पूल दिसतो. मी तिला भेटत जाईन, तुला चालेल तेव्हा. पण ह्या घरात मी परत येणार नाही.

वारा नव्हता. खिडक्या उघड्या होत्या. सगळं ऐकू आलं.

मी पेन घेतलं. पतीच्या रकान्यात चिनामीचं नाव लिहिलं. सवयीनं, सगळ्या फॉर्मवर आधी तिचंच लिहीत आलो. ती म्हणाली, असू दे, आणि पिशवीतून दुसरा कागद काढला, आमच्या नावांची जागा कोरी असलेला. म्हणाली, तुझा स्वभाव माहीत आहे, म्हणून दोन आणले.

मला हसू आलं. मग ते हसू राहिलं नाही. ती थांबली. घाई केली नाही तिनं. टेबलावरचा कपडा माझ्याकडे सरकवला, तो भांडी पुसायचा होता, शिंपल्यांचा वास येत होता त्याला.

मुलं कुणाकडे राहणार ह्यासाठी दोन जागा असतात, पतीकडे आणि पत्नीकडे. मी पतीच्या, म्हणजे आमच्या बाजूला सुझु लिहिलं. साक्षीदार म्हणून सासूबाईंची सही आणि शिक्का ह्याही कागदावर आधीच होते. दुसरी सही हारा आजींनी केली, पोस्टातल्या अक्षरात, ठळक, आणि म्हणाल्या, तुम्ही दोघं चांगले आहात हो. आणि नाक शिंकरायला घरी गेल्या.

सुझु उठल्यावर चिनामीनं तिला विचारलं, उचलू का? सुझु तिच्या गळ्यातल्या साखळीकडे बघत होती. चिनामीनं उचललं. काखेत हात घालून, मग एक हात खाली. बरोबर पद्धत. सुझुनं साखळी तोंडात घातली. कितीतरी वेळ दोघी तशाच खिडकीपाशी. मी घड्याळ पाहिलं नाही. मग चिनामीनं तिला माझ्याकडे दिलं. मी घेतलं.

चार वीसची गाडी होती. स्टेशनपर्यंत आम्ही तिघं चालत गेलो, बाबागाडी मी ढकलत. पुलावरून न जाता लांबच्या रस्त्यानं. तिनं सांगितलं नव्हतं, मीच वळलो. ती म्हणाली, थँक्यू.

सुझुला गाड्या आवडतात. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक गाडीला ती हात हलवते, मालगाडीलाही. चार वीसच्या गाडीलाही हलवला, गाडी वळणाआड जाईपर्यंत. मीही हलवला.

चिनामीनं खिडकीतून हात हलवला, असं लिहिणार होतो. काचेवर ऊन होतं. मला दिसलं नाही.